रागाला पत्ता हवा

औंढा नागनाथच्या देवळात नंदी दारासमोर नाही. तो देवळाच्या मागच्या बाजूला आहे. हिंगोली जिल्ह्यात वाढलेल्या मुलाला याचं कारण कुणी ना कुणी सांगतंच. कधी सहलीला नेणारे गुरुजी, कधी शिवरात्रीच्या यात्रेत आजी, कधी बेल-फुलं विकणारा माणूस. नामदेव महाराज देवळासमोर कीर्तनाला उभे राहिले, तिथल्या मंडळींनी जात काढून त्यांना उठवलं. नामदेव मागच्या बाजूला जाऊन बसले आणि तिथून त्यांनी देवाला हाक मारली. मग देऊळच फिरलं. नंदी होता तिथंच राहिला.

ही नुसती गावगप्पा नाही. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबमध्ये नामदेवांची ६१ पदं आहेत आणि त्यातल्या एका पदात हाच प्रसंग आहे. मोठ्या आनंदात देवळात आलेल्या भक्ताला भजन चालू असताना धरून उठवलं जातं. तो देवाला विचारतो, की मला या जातीत जन्म तरी का दिलास. आणि मग आपली घोंगडी उचलून देवळामागे जाऊन बसतो. पदात गावाचं नाव नाही. औंढ्याशी ते आपल्या मुलखाने जोडून घेतलं आहे. कर्नाटकात उडुपीला हीच गोष्ट कनकदासांच्या नावावर सांगतात. तिथं देऊळ नाही, कृष्णाची मूर्ती फिरते.

देऊळ खरंच फिरलं का, या वादात मला रस नाही. व्यवसायाने मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पुराणवस्तू संशोधक नाही. मला कुतूहल आहे ते सात वर्षांचं पोर या गोष्टीतून काय शिकतं याचं. गोष्टीतल्या माणसाचा अपमान झाला आहे आणि त्याला राग आला आहे. त्याने कुणाच्या अंगावर हात टाकला नाही. 'जाऊ दे, मोठ्या माणसांचं आहे' म्हणून तो घरीही गेला नाही. ज्याच्या दारात अन्याय झाला त्यालाच त्याने नाव घेऊन, कारण सांगून जाब विचारला. रागाला त्याने पत्ता दिला.

आयात शब्द, जुनं कसब

हल्ली पालकांच्या कार्यशाळांमध्ये 'असर्टिव्ह' हा शब्द फार ऐकू येतो. मुलाने राग दाबूही नये आणि आदळआपटही करू नये, तो ठामपणे मांडावा, असं सांगितलं जातं. या अर्थाने हा शब्द रुळला तो विसाव्या शतकाच्या मध्यावर. अँड्र्यू सॉल्टर या अमेरिकन मानसोपचारकाचं पुस्तक १९४९ चं, जोसेफ वोल्पे यांचं १९५८ चं. रॉबर्ट अल्बर्टी आणि मायकेल एमन्स यांनी १९७० मध्ये सामान्य वाचकांसाठी पुस्तक लिहिलं आणि विषय घरोघरी पोचला. यातले सुरुवातीचे सगळे प्रयोग मोठ्यांवरचे होते. न बोलण्याची सवय हाडीमाशी भिनलेल्या माणसांना पुन्हा बोलायला शिकवायचं, असा तो खटाटोप होता.

म्हणून मला प्रश्न पडला, की आपल्या मुलखात लहान मुलांना हे आधी कुणी शिकवलं? की कुणी शिकवलंच नाही?

सुरुवात घरातल्या शब्दांपासून करतो. मुलाच्या रागासाठी मराठीत शब्दांची चणचण नाही. मूल रुसतं, फुगतं, फुरंगटतं, हट्टाला पेटतं, थयथयाट करतं, आदळआपट करतं, आकांडतांडव मांडतं. थोडं मोठं झालं की धुसफुसतं, तणतणतं. यातला एकेक शब्द तपासून पाहा. प्रत्येक शब्द बाहेरून पाहणाऱ्याचा आहे. मूल कसं दिसतंय ते त्यात आहे; मुलाचं म्हणणं काय, हे एकातही नाही. आणि मुलाने म्हणणं मांडलंच, तर त्यासाठी वेगळे शब्द तयार आहेत: उलट उत्तर, तोंड वर करून बोलणं, आगाऊपणा, चुरूचुरू बोलणं. म्हणजे राग शब्दाविना आला तर तो हट्ट, आणि शब्दांत आला तर उद्धटपणा.

माझी पुतणी चार वर्षांची आहे. परवा तिचं कार्टून चालू असताना आजोबांनी बातम्या लावल्या. ती रडली नाही. त्यांच्यासमोर उभी राहून म्हणाली, "आजोबा, मी बघत होते. तुम्ही मला विचारलं नाही." घरात दोन तट पडले. निम्मे हसले, निम्मे म्हणाले, पोरगी फार शेफारली. 'तिचं म्हणणं बरोबर आहे' असं म्हणायला कुणालाच सुचलं नाही. यात घरच्यांच्या मायेचा प्रश्न नव्हता. असं वाक्य लहान तोंडातून आलं तर त्याला काय म्हणायचं, हे आमच्या बोलण्यात बसलेलंच नाही.

देवाशी भांडण

एक जागा मात्र अशी आहे, जिथं आपल्या भाषेने हे भांडण शतकानुशतकं गोड मानून घेतलं. ती जागा म्हणजे विठोबा.

हिंगोलीपासून जवळ कयाधूच्या काठी नर्सी आहे. नामदेवांचं जन्मगाव नर्सी की पंढरपूर हा वाद अभ्यासकांत आहे, पण आमच्याकडे तो कुणी वाद मानत नाही. जन्मवर्ष १२७० धरतात. नामदेवांच्या बालपणीची सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट नैवेद्याची. वडील दामाशेटी घरी नव्हते, म्हणून आई गोणाईने पोराला ताट देऊन देवळात धाडलं. देव जेवेना. पोराला ठाऊक नव्हतं की देव जेवतच नसतो; रोज वडिलांच्या हातचं खातो आणि माझ्या हातचं खात नाही, एवढंच त्याला दिसलं. तो रडला, रागावला, पायरीवर डोकं आपटून घेईन म्हणाला. शेवटी देव जेवला.

आजच्या बालमानसशास्त्राच्या कसोटीवर डोकं आपटण्याची धमकी ठाम मांडणीत बसत नाही. तो थयथयाटच आहे. पण गोष्ट कुणाच्या बाजूने आहे ते पाहा. गोष्टीत कुणी पोराला शहाणपण शिकवत नाही. देव पोराचं ऐकतो. परंपरेने हा हट्ट नामदेवांचा दोष म्हणून सांगितलेला नाही, थोरवी म्हणून सांगितला आहे.

नामदेवांच्याच घरात जनाबाई होती. ती गंगाखेडची. हिंगोली १ मे १९९९ ला वेगळा जिल्हा झाला, त्याआधी आम्ही सगळे एकाच परभणी जिल्ह्यातले. लहानपणीच आईबापांपासून तुटून ती दामाशेटींच्या घरी कामाला आली. मोलकरणीच्या पोरीला घरात कुणावर रागावण्याची मुभा असते? तिच्या अभंगांत मात्र ती विठोबाला 'विठ्या' म्हणून हाक मारते, त्याला शिव्याशाप देते, त्याच्या घरादाराचा उद्धार करते. दळणकांडण करता करता म्हटलेले हे अभंग पुढे सातशे वर्षं बायका जात्यावर म्हणत आल्या, आणि मांडीवरची पोरं ते ऐकत आली.

चोखोबांच्या घरी तर हा राग एका पिढीत बदललेला दिसतो. चोखोबा देवाकडे गाऱ्हाणं घालतात. त्यांचा मुलगा कर्ममेळा हिशेब मागतो. आम्हाला हीन जातीत घालून, उष्ट्यावर जगवून तुला काय मिळालं, असा त्याचा रोख आहे. बापाच्या आर्जवातलं पोराने जे उचललं ते आर्जव नव्हतं. देवाला थेट बोलता येतं, ही वाट त्याने उचलली.

देवाशी भांडणाऱ्या माणसात आणि मोठ्यांशी भांडणाऱ्या मुलात एक साम्य आहे. दोघंही दुबळे आहेत, दोघांनाही समोरचा सोडून दुसरं कुणी नाही, आणि दोघांनाही नातं मोडायचं नाही. म्हणून त्यांचा राग नातं धरून ठेवून बोलावा लागतो. मूर्ती उलट मारत नाही, हा या सरावाचा मोठा फायदा. तोटाही तोच. विठोबावर रागावलेली जनाबाई दुसऱ्या दिवशी तेवढंच दळण दळत होती.

संतांच्याच मेळ्यात याची दुसरी बाजूही आहे. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानेश्वर झोपडीचं दार लावून आत बसले आणि बाहेर उभ्या राहिलेल्या मुक्ताबाईने ताटीचे अभंग म्हटले. तिचं परंपरेतलं जन्मवर्ष १२७९. म्हणजे ती कोवळी पोरगीच. या अभंगांचा उपदेश राग आवरण्याचा आहे, आणि आपल्या शाळांनी तेवढाच उचलला. मला त्यातली मांडणी जास्त शिकवते. धाकटी बहीण थोरल्या भावाच्या दाराशी उभी आहे आणि त्याला सांगते आहे, की तू चुकतोस, दार उघड. तिने दाराला लाथ मारली नाही आणि ती निघूनही गेली नाही. मुलांना आपण या अभंगांतून 'रागावू नये' हे शिकवलं. 'थोरल्यालाही असं सांगता येतं' हे शिकवायचं राहून गेलं.

१८५५ सालची चौदा वर्षांची मुलगी

देवाशी भांडण ठीक आहे. पण राग माणसांविरुद्ध, नावं घेऊन आणि सर्वांसमोर मांडायचा तर? याचं मला माहीत असलेलं मराठीतलं सर्वांत ठळक उदाहरण एका शाळकरी मुलीचं आहे.

'ज्ञानोदय' हे अमेरिकन मराठी मिशनचं पत्र १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू झालं. त्याच्या १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ च्या अंकांत 'मांगमहारांच्या दुःखाविषयीं' हा निबंध दोन भागांत छापून आला. लिहिणारी मुक्ता साळवे, मांग समाजातली, वय चौदा. पुण्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांच्या शाळेत तिचं जेमतेम तीन वर्षं शिक्षण झालेलं होतं. त्या वर्षी सावित्रीबाई चोवीस वर्षांच्या होत्या, जोतीराव अठ्ठावीस. म्हणजे तिचे दोन्ही शिक्षक आज माझ्या ऑफिसात बसणाऱ्या मंडळींच्या वयाचे.

हा निबंध मी इंजिनिअरिंगला असताना पहिल्यांदा वाचला. शाळेत असताना तो माझ्यापर्यंत पोचला नव्हता. वाचताना आधी धक्का बसतो तो त्यातल्या रागाचा, आणि मग लक्षात येतं की हा राग विलक्षण शिस्तीचा आहे. ती विचारते, की वेद फक्त ब्राह्मणांचे असतील आणि आम्हाला ते पाहण्याचाही अधिकार नसेल, तर मग आमचा धर्म कोणता? पेशवाईत मांगमहारांना जमिनीवरून कसं हुसकलं, वाड्यांच्या पायात माणसं कशी गाडली, तालमीवरून जाणाऱ्याची काय गत केली, हे ती एकेक करून नोंदवते. आपल्या समाजातल्या बायकांना बाळंतपणात डोक्यावर छप्परही नसतं, हे ती सांगते. चौदा वर्षांच्या मुलीने ते डोळ्यांनी पाहिलेलं असणार. शेवटी ती आपल्याच लोकांकडे वळते आणि शिका म्हणून आग्रह करते.

आमच्या धंद्यात बिघाड नोंदवायची एक रीत असते. काय घडलं, कुठं घडलं, काय घडायला हवं होतं, आणि हे दुरुस्त कुणी करायचं. चारही गोष्टी असतील तर नोंद कामाची. 'सगळं बकवास चाललंय' एवढंच लिहिलं तर लिहिणाऱ्याचा संताप कळतो, दुरुस्ती होत नाही. मुक्ताच्या निबंधात चारही गोष्टी आहेत. म्हणून दीड शतकानंतरही तो आकांत वाटत नाही, आरोपपत्र वाटतं.

हे तिला जमलं कसं? ती जन्मतः धीट होती, असं म्हणून पुढे जाणं सोपं आहे. पण वस्तीत रागावलेल्या मुली हजारो असणार. त्यांच्यापाशी नव्हत्या अशा तीन गोष्टी मुक्ताला मिळाल्या. पहिली भाषा: अन्यायाला नाव देण्यापुरती लिहिती भाषा तीन वर्षांत तिच्या हाती आली. दुसरी ऐकणारी मोठी माणसं: असा निबंध लिहिलास तर तुझं काय होईल, अशी भीती न घालणारे शिक्षक, आणि तो छापणारा संपादक. तिसरी गोष्ट म्हणजे समोरच्या मोठ्या माणसांचं वागणं. ज्यांच्या दारावर रस्त्यातून शेणमाती यायची, ते शिक्षक रोज पुन्हा शाळेत येत होते. राग ठामपणे कसा जगायचा असतो, हे मुलगी रोज पाहत होती.

मुक्ताचा आपल्याला माहीत असलेला निबंध हा एवढाच. त्या काळी हिंगोली निजामाच्या राज्यात होती, तिथं फौजेची छावणी होती. नामदेवांच्या मुलखातल्या एखाद्या मांगवाड्यातल्या मुलीला तेव्हा यातलं काहीच मिळण्याजोगं नव्हतं. म्हणून मुक्ताचा धीटपणा गाताना तिच्या शाळेला विसरून चालत नाही.

छडी आणि आसू

विसाव्या शतकात शाळा पसरल्या, पण त्यांच्यासोबत छडीही पसरली. मी शिकलो ती शाळा एकविसाव्या शतकातली. एकदा वर्गाच्या खिडकीची काच फुटली. कुणी फोडली ते कळेना, म्हणून अख्ख्या वर्गाला हातावर दोन-दोन छड्या. एक मुलगा उभा राहून म्हणाला, "सर, मी काल आलोच नव्हतो." त्याला चार बसल्या. त्या दिवशी वर्ग जे शिकला ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं: मार चुकवता येत नाही, पण कारण विचारलं नाही तर तो निम्मा होतो.

त्या धड्याचं पीक मला आता पुण्यात दिसतं. आमच्या कामात दर दोन आठवड्यांनी एक बैठक होते. काय बिघडलं, काय बदलायला हवं, हे मोकळेपणी सांगा, असं त्यात सगळ्यांना विचारतात. आमच्याकडची हुशार पोरं तिथं खाली मान घालून बसतात. बैठक संपली की चहाच्या टपरीवर तावातावाने बोलतात, आणि सहा महिन्यांनी राजीनामा देतात. राग त्यांच्यात भरपूर आहे. पत्ता तेवढा चुकतो.

यात घराचाही वाटा आहे, आणि घर घडवणाऱ्या पुस्तकांचाही. साने गुरुजींचं 'श्यामची आई' १९३५ चं. नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं हे पुस्तक मराठी घरांनी पारायणासारखं वाचलं. १९५३ मध्ये आचार्य अत्र्यांनी त्यावर चित्रपट काढला. त्यात पोहायला जायचं टाळून लपलेल्या श्यामला आई शिपटीने मारते आणि विहिरीवर धाडते. तो पोहायला शिकतो. मग त्याच्या अंगावरचे वळ पाहून तिचेच डोळे भरून येतात, आणि श्यामचा राग त्यात वाहून जातो. प्रसंग खरा आहे, हृद्य आहे, आणि मीही तो वाचून रडलो आहे. पण पिढ्यानपिढ्या मुलांनी त्यातून काय घेतलं? मोठ्यांनी मारलं तरी ते आपल्या भल्यासाठीच, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं की आपण रागावण्याचा हक्क संपतो. 'आई, मला भीती वाटत होती आणि तू मला मारलंस' हे वाक्य श्यामला कुणी दिलंच नाही. आईच्या प्रेमाला त्याने काही उणेपणा आला नसता.

एकच खेळणं

गंमत अशी, की हे वाक्य मुलाला देणारी माणसं त्याच काळात मराठीत काम करत होती. गिजुभाई बधेका मूळ वकील. स्वतःच्या मुलाच्या निमित्ताने त्यांनी मारिया माँटेसोरींचं लेखन वाचलं आणि १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर उघडलं. मार आणि लालूच दोन्ही त्यांनी शाळेबाहेर ठेवलं. लोक त्यांना 'मूछाळी मा', म्हणजे मिशीवाली आई म्हणत. ताराबाई मोडक त्यांच्यासोबत काम करून महाराष्ट्रात आल्या. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार, १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र आणि १९५७ पासून कोसबाडची टेकडी, असा त्यांचा प्रवास. बोर्डीपासून अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या.

माँटेसोरी पद्धतीत एक साधी तजवीज असते. वर्गात प्रत्येक साधन एकच ठेवायचं. एक मनोरा, एक ठोकळ्यांची पेटी. दोघांना एकच वस्तू हवी झाली की भांडण होणार, हे गृहीतच धरलेलं असतं. अडीच वर्षांचं मूल ओढतं, ढकलतं, चावतं, कारण त्याच्याकडे अंगाशिवाय दुसरी भाषा नाही. तिथं बाई येते. ती वस्तू हिसकावून तिसऱ्याला देत नाही, 'चांगली मुलं भांडत नाहीत' असंही म्हणत नाही. मुलाच्या उंचीला खाली बसते आणि त्याला वाक्य देते: 'मी खेळत होतो. माझं झालं की तुला देईन.' दुसऱ्यालाही एक देते: 'मला पण हवंय. तुझं झालं की सांग.' पहिल्या दिवशी मूल ते पोपटासारखं म्हणतं. शंभराव्या दिवशी बाई नसतानाही म्हणतं. राग ठामपणे मांडायला शिकतात ते असं: भांडणाच्या ऐन क्षणी, उसन्या वाक्याने, शंभरदा.

हाच मुद्दा दुसऱ्या टोकाकडून फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी मांडला होता. मिनेसोटा विद्यापीठातल्या या संशोधिकेने आयांकडून मुलांच्या रागाची रोजची टाचणं लिहून घेतली आणि १९३१ मध्ये त्यावर पुस्तक केलं. जेवणाच्या आधी, थकवा आला की, आजारपणात मुलं जास्त भडकतात, असं त्यात दिसलं. आपल्याकडच्या कुठल्याही आजीला हे ठाऊक असतं. पण आजी ते 'भुकेजलाय, म्हणून किरकिरतोय' असं मोठ्यांना सांगते. मुलालाच 'तुला भूक लागलीय म्हणून राग येतोय का?' असं विचारलं, तर स्वतःच्या रागाचं कारण शोधण्याची सवय मुलाला लागते. कारण सापडलं की मागणी करता येते.

कोसबाडला ताराबाई-अनुताईंसमोर वारली मुलं होती. मुलं शाळेत येत नाहीत, म्हणजे मुलंच नालायक, असा अर्थ त्यांनी लावला नाही. शाळेचंच काही चुकतंय, असं मानून त्यांनी शाळा पाड्यावरच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात गेली. ती कुरणशाळा. तक्रार शब्दांत करता न येणाऱ्या मुलाचं न येणं हीच तक्रार धरून त्यांनी ती ऐकली. मला ही त्यांच्या कामातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

कायद्याने आवाज येत नाही

१९७५ मध्ये केंद्र सरकारच्या एकात्मिक बालविकास योजनेने अंगणवाडी हा शब्द देशभर नेला. आज नर्सीत आहे, औंढ्यात आहे, आमच्या तांड्यावस्त्यांवर आहे. १९८९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेने बाराव्या कलमात म्हटलं, की स्वतःचं मत बनवता येणाऱ्या मुलाला ते मांडण्याचा अधिकार आहे आणि त्या मताला वयानुसार वजन दिलं पाहिजे. भारताने १९९२ मध्ये ती संहिता स्वीकारली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेतल्या मारावर आणि मानसिक छळावर बंदी घातली.

कायद्याने छडी खाली ठेवता येते. मुलाच्या तोंडी वाक्य देता येत नाही. ते काम अंगणवाडीतल्या ताईचं आहे, आणि तिच्या डोक्यावर आहाराचं वाटप, वजनं, लसीकरणाच्या याद्या, मोबाईलवरच्या नोंदी असा डोंगर आहे. एका खोलीत पंचवीस पोरं असताना दोघांच्या भांडणापाशी खाली बसायला तिला वेळ कुणी द्यायचा? सुगीनंतर आमच्या भागातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात. त्यांची मुलं अर्धं वर्ष कारखान्याच्या फडात असतात. शंभर दिवसांचा सराव म्हणतो मी, पण सलग शंभर दिवस एका ताईच्या नजरेत राहणं, हेच कित्येक मुलांच्या वाट्याला येत नाही.

शिवाय प्रत्येक मुलाच्या रागाचं मोल सारखं नसतं. मोठ्या घरच्या मुलाने कारण विचारलं तर तो चौकस असतो. वस्तीतल्या मुलाने तेच विचारलं तर तो माजलेला असतो. मुलीने विचारलं तर 'सासरी कसं व्हायचं हिचं' इथपर्यंत गोष्ट जाते. म्हणून मुलांना ठामपणा शिकवा असं म्हणताना मला सगळ्यांत आधी मोठ्यांची शाळा घ्यावीशी वाटते. 'तू मला विचारलं नाहीस' असं लहान तोंडातून ऐकलं की आपल्या आत काहीतरी दुखावतं. त्या दुखण्यावर हात न उगारता थांबायला मोठ्यांना शिकावं लागतं. ते जमलं नाही, तर मुलाला शिकवलेली वाक्यं त्याला मार खायलाच उपयोगी पडतील.

नामदेवांसाठी देऊळ फिरलं असं आम्ही मानतो. जनाबाईचं दळण मात्र कुणी कमी केलं नाही, आणि मुक्ता साळवेचा निबंध छापून आल्यावर मांगवाड्यातली बाळंतीण लगेच छपराखाली गेली नाही. ठामपणे मांडलेला राग दरवेळी जिंकतो, असं मुलांना सांगणं खोटं होईल. खरं एवढंच सांगता येईल: राग आला तर तो कशाचा आहे ते शोध, ज्याचा आहे त्याच्याकडे जा, काय हवंय ते सांग, आणि समोरचा ऐकत नसेल तर ऐकणारा माणूस सापडेपर्यंत सांगत राहा. ऐकणारं माणूस होणं हे आपलं काम. सावित्रीबाई ते करत होत्या तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या होत्या, आणि त्यासाठी त्यांनी कुठलीही कार्यशाळा केलेली नव्हती.